ताटाची डावी बाजू

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अगदी छोटा लेख आला. त्यात दोन डॉक्टरांचा फोटो होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने सारखी असलेली ही दोन माणसे आतून फारच वेगळी होती. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हा प्रकार ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणून ओळखला जातो.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी होती, पण ही तूट मुख्यतः स्नायू आणि अवयवांत होती. चरबी त्या मानाने टिकून होती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ हा आपला बांधा जन्मापासून आपल्या सोबत असतो.

काटा ‘नॉर्मल’ म्हणतो तेव्हा

याने बिघडते काय, ते थोडक्यात पाहू. जेवणातून आलेली साखर साठवण्याची शरीरातली सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. स्नायू कमी असतील तर ही कोठी लहान. उरलेली ऊर्जा चरबी होऊन आधी त्वचेखाली साठते. तिथली जागा संपली की ती यकृतात, स्वादुपिंडाभोवती आणि पोटाच्या आत जाते. तिथे साठलेली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र थोडे पुढे, ही मराठी घरांतल्या चाळिशीतली ओळखीची आकृती या प्रक्रियेतूनच तयार होते.

अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांत हे किती आहे, ते ‘मसाला’ नावाच्या अभ्यासातून कळले. डॉ. अल्का कनाया (कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन फ्रान्सिस्को) आणि डॉ. नम्रता कंडुला (नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ, शिकागो) यांनी तो २०१० मध्ये सुरू केला. बे एरिया आणि शिकागो भागातल्या ४० वर्षांवरच्या ९०६ जणांची त्यात तपासणी झाली. वयाचा फरक जमेस धरून तुलना केली तेव्हा आपल्यातल्या २३ टक्के लोकांना मधुमेह होता. गोऱ्या अमेरिकनांत हे प्रमाण ६ टक्के होते, चिनी वंशाच्या लोकांत १३, लॅटिनो लोकांत १७ आणि कृष्णवर्णीयांत १८.

या आकड्यांचा डॉक्टरांच्या दवाखान्यात थेट उपयोग आहे. अमेरिकेत बीएमआय २५ झाला की वजन जास्त समजतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाच्या तपासणीची ही मर्यादा २३ वर आणली. १७० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट सात इंच उंचीच्या माणसासाठी २५ म्हणजे साधारण ७२ किलो आणि २३ म्हणजे ६६.५ किलो. अशा उंचीचा ७० किलोचा मराठी माणूस नेहमीच्या तक्त्यात ‘नॉर्मल’ बसतो आणि तपासणी राहून जाते. म्हणून वार्षिक तपासणीत ‘मी दक्षिण आशियाई आहे, माझे एचबीए१सी करून घ्यायचे आहे’ असे स्वतःहून सांगावे. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. घरी शिवणकामाची टेप असेल तर कंबरही मोजा. आपल्यासाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही लक्ष देण्याची रेषा मानतात.

थोड्याने किती फरक पडतो?

असा रिपोर्ट हातात आला की घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो ड्रॉवरमध्ये जातो. नाही तर सोमवारपासून भात बंद, पोळी बंद, साखर बंद, पहाटे पाचला जिम अशी घोषणा होते. तीन आठवड्यांनी कुणाकडे तरी पॉटलक असतो, पुरी-श्रीखंड समोर येते आणि घोषणा तिथेच विरते.

विज्ञानाने प्रत्यक्षात मागितलेला बदल याहून पुष्कळ लहान आहे. अमेरिकेतल्या २७ केंद्रांवर ३,२३४ लोकांवर झालेल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सगळे उंबरठ्यावरचे लोक होते. उद्दिष्टे दोनच : वजन ७ टक्क्यांनी कमी करायचे आणि आठवड्यात १५० मिनिटे भरभर चालण्याएवढा व्यायाम करायचा. सरासरी तीनेक वर्षांत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. पुढे आकडेवारी तपासली तेव्हा दिसले की घटलेल्या प्रत्येक किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी होत होता. म्हणजे पहिला एक किलोही वाया जात नाही.

‘ते अमेरिकन लोक, आपले वेगळे’ असे वाटत असेल तर चेन्नईचा प्रयोग पाहा. डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात आहार आणि चालणे यांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, तोही सरासरी वजन फारसे न घटता. हा निष्कर्ष २००६ चा. आपल्यासारख्या ‘बारीक’ लोकांना तो विशेष लागू पडतो. काटा हलला नाही तरी आत काहीतरी सुधारत असू शकते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शिकागो परिसरात डॉ. कंडुला यांच्याच गटाने ‘सहेली’ नावाचा प्रयोग केला. ५४९ दक्षिण आशियाई लोकांपैकी अर्ध्यांना आपल्या खाण्यापिण्याला साजेसे असे गटाचे वर्ग दिले, उरलेल्यांना फक्त छापील माहिती. २०२४ मध्ये निष्कर्ष आले : वर्षभरानंतर वजन, रक्तदाब, एचबीए१सी यांत दोन गटांत फरक दिसला नाही. माझ्या मते याचा अर्थ असा की काय खावे हे ठाऊक असणे आणि रात्री साडेसातला दमून घरी आल्यावर तेच ताटात पडणे, यांत मोठे अंतर आहे. वर्गाला जाणारा एक जण असतो. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा होतो. म्हणून बदल घरातल्या सामायिक गोष्टींत करावा : डब्यात, पातेल्यात आणि जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांत. आणि तो हळूहळू करावा, कारण जीभ, आतडी आणि सवयी यांना नव्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. हा वेळ किती, हेही बऱ्यापैकी मोजले गेले आहे.

जिभेला तीन महिने द्या

१९८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काही तरुण मंडळींना पाच महिने कमी मिठाच्या आहारावर ठेवले. सुरुवातीला त्यांना जेवण अळणी लागे. काही आठवड्यांनी आवड सरकू लागली आणि पूर्वीइतके खारट सूप त्यांनाच नकोसे झाले. ब्रिटनने हे तत्त्व देशभर वापरले. तिथे २००३-०४ पासून कारखान्यांनी पाव आणि तयार पदार्थांतले मीठ थोडेथोडे कमी केले. दर वेळचा फरक इतका लहान होता की गिऱ्हाइकांना तो जाणवला नाही. दहाएक वर्षांत देशातले सरासरी मीठ सुमारे १५ टक्क्यांनी उतरले.

घरात हाच मार्ग चहासाठी वापरता येतो. दिवसात दोन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे १६ ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते वरून घातलेली साखर स्त्रियांनी दिवसाला २५ ग्रॅमच्या आणि पुरुषांनी ३६ ग्रॅमच्या आत ठेवावी. दोन वर्षांवरच्या मुलांसाठीही मर्यादा २५ ग्रॅमच आहे. दर दोन आठवड्यांनी पाव चमचा कमी करा. तीन महिन्यांत तुम्ही अर्ध्या चमच्यावर याल आणि मग पाहुण्यांकडचा चहा पाकासारखा लागेल.

बाकीची साखर शोधण्यासाठी अमेरिकेतल्या डब्यांवर चांगली सोय आहे. २०२० पासून पोषणमूल्यांच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर्स’ ही वेगळी ओळ असते. फळांच्या चवीचे दही, ग्रॅनोला बार, सकाळचे सीरियल, केचप आणि आमरसाचा डबा यांवरची ही एकच ओळ मुलांना वाचायला शिकवा. ४ ग्रॅम म्हणजे एक चमचा साखर, हे गणित तिसरीतल्या मुलालाही जमते.

ताटाची डावी बाजू

आता पोळी-भाताकडे. ‘मसाला’ अभ्यासात लोकांच्या खाण्याच्या तीन तऱ्हा दिसल्या. तळलेले पदार्थ, मिठाया आणि सायीचे दूधदुभते जास्त असलेल्या लोकांत इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण जास्त होते आणि चांगले कोलेस्टेरॉल कमी. फळे, भाज्या, दाणे आणि कडधान्ये जास्त खाणाऱ्यांत उच्च रक्तदाब कमी आढळला. तिसरी तऱ्हा मांसाहाराची. म्हणजे ‘शाकाहारी आहोत, आपल्याला काय होणार’ या समजुतीला फारसा आधार नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, पुरी आणि गुलाबजाम हे सगळे शाकाहारीच असते.

मराठी ताट वाढण्याची जुनी पद्धत आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये पोळी आणि भात. या ताटात आवश्यक ते सगळे आहे. बिघडले आहे ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर, उसळ वाटीच्या तळाला आणि मध्ये भाताचा डोंगर. शिजवलेल्या भाताच्या एका अमेरिकन कपात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि डोंगरात असे दोन कप सहज मावतात. पदार्थ तेच ठेवून कोशिंबीर भाजीइतकी आणि उसळ भाताइतकी करायची, एवढाच बदल आहे. भात बंद करायची गरज नाही. आधी वाढताना कप वापरायचा आणि दोन आठवड्यांनी पाव कप कमी करायचा.

क्रमही महत्त्वाचा आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मधुमेह असलेल्या ११ जणांवर एक छोटा प्रयोग केला. तेच जेवण, पण एकदा पाव आणि रस आधी, तर दुसऱ्यांदा भाज्या आणि प्रथिने आधी. भाज्या-प्रथिने आधी खाल्ल्यावर तासाभराने रक्तातली साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. तंतुमय पदार्थ आणि प्रथिने आधी पोहोचली की जठर सावकाश रिकामे होते आणि साखर एकदम न येता टप्प्याटप्प्याने येते. प्रयोग लहान आहे, पण करून पाहायला काही खर्च नाही. मुले शाळेतून भुकेजून येतात, तेव्हा स्वयंपाक होईपर्यंत टेबलावर चिप्सऐवजी काकडी-गाजर आणि मोड आलेल्या मुगाची वाटी ठेवा. भूक असली की तक्रारी कमी होतात.

इथे एक इशारा. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात रोज राजमा, छोले आणि मटकी सुरू करू नका. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतू आंबवतात, त्यातून वायू होतो. तंतू हळूहळू वाढवले तर या जिवाणूंची वस्ती बदलते आणि त्रास कमी होतो. आठवड्यात दोन वेळा उसळ असेल तर तीन करा, महिन्याने चार. पाणीही थोडे वाढवा. मूग आणि मसूर पचायला हलके, म्हणून सुरुवात त्यांनी करावी. ज्वारी-बाजरीची भाकरी तंतूंसाठी चांगली, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर कर्बोदके चार भाकऱ्यांचीच मिळतात.

तेलाचे गणितही सोपे आहे. एक टेबलस्पून तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. बाटलीतून अंदाजाने ओतण्याऐवजी मोजून घाला. पहिल्या आठवड्यात काहीही कमी करू नका, फक्त मोजा. पुढच्या महिन्यात एक चमचा कमी.

शतपावली पंधरा मिनिटांची

जेवणानंतर शतपावली घालावी, हे आपल्याकडे आजीने सांगितलेले असते. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढतात. ज्यांचे इन्सुलिन नीट काम करत नाही, त्यांच्यासाठी हा मागचा दरवाजा फार उपयोगी. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ मध्ये साठीच्या वरच्या दहा जणांवर प्रयोग झाला. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे दिवसभराच्या साखरेसाठी सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकेच उपयोगी ठरले. रात्रीच्या जेवणानंतरची साखर मात्र लगेच चालण्यानेच जास्त आटोक्यात राहिली.

आपली मराठी घरे रात्री आठ-साडेआठला जेवतात आणि मग सोफ्यावर बसतात. तिथेच या पंधरा मिनिटांची जागा आहे. मिनेसोटाच्या जानेवारीत बाहेर पडणे शक्य नसेल तर तळघरात चाला, भारतात फोन लावून घरातच फेऱ्या घाला. दहा दिवसांत १५० मिनिटे इथेच होतात. सोबत आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून दंड असे स्नायूंचे व्यायाम हवेत, कारण आपली कोठी मुळातच लहान आहे.

सगळ्यांचे मिळून

कनेक्टिकट विद्यापीठाच्या एमी गोरिन यांनी २०१८ मध्ये १३० जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन कमी करण्याचा कार्यक्रम जोडीतल्या एकालाच दिला होता. सहा महिन्यांनी ज्यांना काहीच दिले नव्हते अशा जोडीदारांपैकी साधारण एक-तृतीयांश जणांचे वजन ३ टक्के किंवा जास्त घटले होते. फ्रिज एकच असतो, त्याचा हा परिणाम.

म्हणून ‘बाबांचे वेगळे, मुलांचे वेगळे’ असे दोन स्वयंपाक करू नका. बाबांना शिक्षा झाल्यासारखे वाटते, आईला दुप्पट काम पडते आणि मुले शिकतात की कोशिंबीर हे आजारी माणसाचे खाणे आहे. मुलांच्या वजनाबद्दल टेबलावर बोलू नये. नवी भाजी मुलाने ढकलली तर ती नावडती ठरवून मोकळे होऊ नका. मुलांना नवी चव स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. दर वेळी एक घास, आग्रह नाही. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना उपदेश करण्यापेक्षा कोशिंबिरीचे खाते त्यांच्याकडे सोपवा. काकडीची खमंग, कोबीची पचडी, भोपळ्याचे भरीत हे त्यांच्याइतके आपल्याला जमत नाही.

किती दिवस चिकाटी धरायची? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ९६ स्वयंसेवकांनी प्रत्येकी एकच नवी सवय निवडली आणि रोज नोंद ठेवली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ होता. कुणाला १८ दिवस पुरले, कुणासाठी हिशेब २५० च्या पुढे गेला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडले नाही. म्हणजे गणेशोत्सवातल्या मोदकांचा अपराधी भाव बाळगायचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी शतपावली पुन्हा सुरू करायची.

एका घरासाठी वर्षाचा क्रम असा असू शकेल :

• पहिले दोन महिने : रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे. खाण्यात काहीच बदल नाही. तेल आणि भात फक्त मोजायचे.
• तिसरा-चौथा महिना : चहातली साखर उतरवणे, कोशिंबीर आधी आणि वाटीभर.
• पाचवा-सहावा : भात पाव कपाने कमी, आठवड्यात एक उसळ जास्त. सहा महिन्यांनी कंबर आणि एचबीए१सी पुन्हा.
• पुढचे सहा महिने : तळण आठवड्यातून एकदा, डब्यांवरची साखरेची ओळ पाहून खरेदी, स्नायूंचा व्यायाम.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, कारण खाणे घटले आणि चालणे वाढले की औषधाची मात्रा जास्त होऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर कडधान्यांबद्दलही विचारा. आणि रिपोर्ट उंबरठ्यावरचा असेल तर सीडीसीच्या राष्ट्रीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाबद्दल जरूर चौकशी करा. वर्षभर चालणाऱ्या या कार्यक्रमात आशियाई वंशाच्या लोकांना बीएमआय २३ पासून प्रवेश आहे, आणि मेडिकेअर असलेल्या पात्र ज्येष्ठांचा खर्च २०१८ पासून मेडिकेअर उचलते. तिथला सल्लागार क्विनोआ सॅलड सुचवेल. तुम्ही त्याला मटकीची उसळ समजावून सांगा. काम दोन्हींनी होते.